पहिली भिंत

पन्नाशी उलटल्यावर मी आयुष्यातली पहिली जीन्स घातली आणि तीही नाचण्यासाठी. उल्हासनगरात जीन्स शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत. तिथल्याच एका दुकानदाराने माझ्या कमरेकडे फक्त एक नजर टाकली आणि टेप न लावता बरोबर मापाची जीन्स काढून हातात ठेवली. त्याचा मला रागच आला. घरी येऊन ती घातली आणि ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. हे खुर्चीतून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत राहिले.

"मागे फिर," म्हणाले.

मी फिरले.

"पास."

हा ह्यांचा जुना शब्द. अंबरनाथच्या फॅक्टरीत छत्तीस वर्षं ह्यांनी तपासणी खात्यात काढली. प्रत्येक नग हातात घ्यायचा, मापायचा, उजेडात धरून बघायचा आणि मग शिक्का मारायचा. पास नाहीतर बाद. घरातही तेच. आमटी पास, जावई पास, मी हौसेने आणलेले पडदे बाद. लग्नानंतरची पहिली दहाएक वर्षं मी ह्या सवयीवर चिडायचे. नंतर भाजीत मीठ घातलं की मीच विचारायला लागले, पास का?

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी ह्यांना कंपवात झाला. आधी उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला, मग हात, मग आवाज बारीक झाला. त्या सगळ्याची सवय करून घेतली. पण पुढे पाय अडायला लागले, त्याची सवय होईना. चालता चालता दाराच्या उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला चिकटून बसायचे. अंग पुढे जायला बघतंय, पाय जागचे हलत नाहीत आणि हे चौकटीला धरून उभे. मोरीच्या दाराशी तर रोजचंच. मी मागून ओरडायचे, "अहो, टाका ना पाऊल! एवढं काय अवघड आहे?" हे आता लिहितानाही मला स्वतःची लाज वाटते, पण मी ओरडायचे हे खरं आहे. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, "काकू, ओरडू नका, ताल द्या. तालावर पाय सुटतात." मी टाळ्या वाजवून बघितल्या. हे म्हणाले, "आरती आहे का?" आणि तिथेच उभे राहिले.

लेकीकडे बदलापूरला काही कार्य होतं, त्यासाठी कापड घ्यायला मी उल्हासनगरला गेले होते. दुकानाच्या वरच्या मजल्यावरून धपधप आवाज येत होता. दुकानदार म्हणाला, "ऊपर बुढ्ढी औरतें नाचती हैं." त्याच्या तोंडचं बुढ्ढी ऐकून मी तावातावाने जिना चढले. वर एक मोठा हॉल होता. वीसेक बायका तीन रांगांत उभ्या होत्या आणि त्यांच्यापुढे पाठमोरी उभी होती साठीची एक सिंधी बाई. केस पांढरे, डोक्यावर रुंद काठाची हॅट, पायात टाचेचे बूट. सगळ्या जणी तिला अदी म्हणत होत्या. सिंधीत अदी म्हणजे बहीण. मुलाकडे परदेशात बरीच वर्षं राहून ती हा नाच शिकून आली होती. तिकडच्या गुराख्यांची, घोड्यांची, लांब रस्त्यांची गाणी आणि त्यावरचा हा रांगेतला नाच. ह्याला जोडीदार लागत नाही. बत्तीस मोजण्यांचा पावलांचा एक तुकडा, तो संपला की सगळ्या रांगा मिळून पाव फिरतात आणि तोच तुकडा दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून पुन्हा नाचतात. मग तिसरी भिंत, मग चौथी.

मी दारात उभी राहून बघत होते. नाचापेक्षा मला तिच्या आवाजाने धरून ठेवलं. बायकांचं पाऊल पडायच्या आधी तिचा शब्द पडत होता. आधी ती म्हणायची, "पाँच, छे, सात, आठ, राइट!" आणि मग वीस उजवे पाय उचलले जायचे. शब्द पुढे, पाय मागून. अदीने वळून मला बघितलं आणि हात धरून सरळ शेवटच्या रांगेत ओढलं. "भाभी, खड़ी क्यों हो? यहाँ देखने का टिकट नहीं मिलता."

त्या संध्याकाळी हे मोरीच्या दाराशी अडले. मी ओरडायला तोंड उघडलं होतं, पण निघालं भलतंच. "पाच, सहा, सात, आठ, उजवा!"

उजवा पाय उचलला गेला. मग डावा. मी मोजत राहिले आणि हे मोरीतून जाऊन परत खुर्चीपर्यंत आले. "हे कुठून आणलंस?" त्यांनी विचारलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून पोटभर रडले.

त्यानंतर मी आठवड्यातून तीनदा उल्हासनगरला जायला लागले. आमच्या इमारतीतल्या बायकांनी नाकं मुरडली. नवरा आजारी आणि ही जीन्स घालून नाचायला जाते, हे माझ्या कानावर येईल अशा बेताने जिन्यात बोललं जायचं. मी हॅट घालून त्यांच्यासमोरून जायला लागले. हे गॅलरीतून बघत असत आणि मी रिक्षात बसेपर्यंत हात वर करून ठेवत असत. हात थरथरत असल्यामुळे टाटा करायला वेगळे कष्ट पडत नाहीत, हा ह्यांचाच विनोद.

दीड वर्षाने अदीने परीक्षेची गोष्ट काढली. परदेशातली एक संस्था ह्या नाचाच्या शिक्षकांना प्रमाणपत्र देते. त्या संस्थेच्या परीक्षक बाई वर्षातून एकदा बंगळुरूहून येतात. मला हसूच आलं. पण त्याच सुमारास बदलापूरच्या कुळगावात ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाचा एक हॉल आहे असं लेकीने सांगितलं होतं आणि माझ्या मनात आलं होतं की ह्यांच्यासारख्या पाय अडणाऱ्या माणसांचा एक वर्ग तिथे घ्यावा. हे त्या वर्गाचे पहिले विद्यार्थी. मंडळाच्या सेक्रेटरीने नम्रपणे विचारलं होतं, "ताई, तुम्ही क्वालिफाइड आहात का?"

घरी येऊन मी त्या माणसाची नक्कल करून दाखवली. हे हसले नाहीत.

"बरोबर विचारलं त्याने. शिक्क्याशिवाय माल गेटच्या बाहेर जात नाही. तू परीक्षा दे."

"ह्या वयात?"

"मी उभा राहून शिकीन तुझ्याकडे. बसून नाही. पण आधी शिक्का."

तेव्हापासून ती परीक्षा माझी राहिली नाही, आमची झाली. मला ह्यांना उभं बघायचं होतं. कुळगावच्या हॉलमध्ये, पहिल्या रांगेत, फॅक्टरीत जाताना घालायचे तसा इस्त्रीचा शर्ट घालून. मी त्यासाठीच अभ्यासाला बसले, प्रमाणपत्राच्या हौसेने नाही.

परीक्षेत स्वतः नाचून दाखवायचं असतंच, पण खरा जीव टांगणीला लागतो तो शिकवण्याच्या भागात. ज्यांना नाच येत नाही अशा चार जणींना एक अख्खा नाच, चारही भिंतींसकट, शिकवायचा. अदीने सांगितलं, दोन तऱ्हांनी शिकवता येतं. पाठमोरं उभं राहून, म्हणजे तुमचा उजवा तोच त्यांचा उजवा. नाहीतर त्यांच्याकडे तोंड करून. पण तोंड केलंत तर सगळं उलटं करायचं. त्यांना डावीकडे सांगायचं आणि आपण स्वतः उजवीकडे जायचं. "आईना बन जाओ, भाभी." मी हे वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. पण अदी आम्हाला नेहमी पाठमोरीच शिकवायची. माझ्या अंगात नाच भिनला तो तिच्या पाठीकडे बघून. आरसा वहीतच राहिला.

सरावाला विद्यार्थी हवा होता, तो घरातच होता. रोज दुपारचा चहा झाला की मी ह्यांची खुर्ची हॉलच्या मधोमध आणायचे, टीव्हीच्या भिंतीकडे तोंड करून. हे बसून पायांनी छोटी छोटी पावलं टाकायचे आणि फिरायची वेळ आली की बसल्या बसल्याच अंग वळवायचे. मी टीव्हीपुढे त्यांच्यासमोर उभी राहून मोठ्याने मोजायचे. ह्या नाचात बत्तीस झाले की डावीकडे पाव फिरायचं असतं. पुढेमागे हे उभे राहतील तेव्हा आडवं काही यायला नको, म्हणून मी त्यांच्या डावीकडची, गॅलरीच्या बाजूची सगळी जागा मोकळी केली. तिथला टीपॉय उचलून त्यांच्या उजव्या हाताला, कपाटाशी नेऊन ठेवला. एवढा पुढचा विचार मी केला, ह्याचा मला तेव्हा अभिमान होता.

तीन महिने आमचा हा वर्ग चालला. किती सुखाचे होते ते तीन महिने. "ही घोड्यांची गाणी," असं म्हणत हे कुरकुरायचे आणि गाणं संपलं की "पुन्हा लाव" म्हणायचे. आमची पावलं हॉलमध्ये एकाच बाजूला जायची, एकाच बाजूने परत यायची. मला वाटायचं, वा, काय जमलंय. एकदा मध्येच ह्यांनी विचारलं, "डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे?"

"डावीकडे म्हणजे डावीकडे! मध्ये बोलू नका हो, माझी मोजणी चुकते."

"बरं," म्हणाले आणि पावलं टाकत राहिले.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी समोरच्या काकूंकडे किल्ली दिली, तासातासाने डोकावून जा म्हटलं. ह्यांना जेवण वाढून ठेवलं. पाण्याची बाटली, फोन, सगळं हाताशी. "खुर्चीतून उठायचं नाही," मी बजावलं. ह्यांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट मागून घेतला होता. मी म्हटलं, परीक्षा माझी आहे की तुमची? "शिक्का घेऊन ये," एवढंच म्हणाले.

अदीच्या हॉलमध्ये माझा नाच चांगला झाला. मग चार जणी माझ्यासमोर उभ्या केल्या, खालच्या दुकानातल्या दोन मुली आणि अदीच्या दोन भाच्या. मी सवयीने त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले, घरी ह्यांच्यासमोर उभी राहायची तशीच. "पाच, सहा, सात, आठ, उजवा!" म्हटलं आणि माझा उजवा पाय टाकला. दोघी माझा शब्द ऐकून एका बाजूला गेल्या, दोघी माझा पाय बघून दुसऱ्या बाजूला. मधल्या दोघी एकमेकींवर आदळल्या आणि खिदळायला लागल्या. परीक्षक बाईंनी हात वर केला.

"तुमचं तोंड त्यांच्याकडे आहे. तुमचा उजवा त्यांच्या डाव्या बाजूला आहे. तुम्ही एक सांगताय आणि दुसरं दाखवताय." त्यांचं मराठी अडखळत होतं, पण बोलणं अगदी स्वच्छ होतं. "त्यांच्याकडे पाठ करून पुन्हा शिकवा."

मी हसतच पाठ केली आणि पुन्हा शिकवलं. चारही भिंती नीट झाल्या. तासाभराने त्यांनी मला पास केल्याचं सांगितलं. अदीने मला उचलायचंच बाकी ठेवलं होतं. कुणीतरी मिठाई आणली. मी पर्समधून फोन काढला तो ह्यांना सांगायला. त्यावर काकूंचे आठ मिस्ड कॉल होते.

"वहिनी, घाबरू नका हां," काकू म्हणाल्या, "भाऊ पडलेत. गाणं चालू होतं घरात. मी म्हटलं टीव्ही असेल. मग धाडकन आवाज आला."

दवाखान्यात हे स्ट्रेचरवर होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. शर्टाची इस्त्री तशीच होती. मी काही बोलायच्या आत ह्यांनी विचारलं, "शिक्का?"

"पास," मी म्हटलं. "अहो, पण तुम्ही उठलात कशाला?"

"तू आल्यावर दाखवणार होतो. आधी एकदा बघितलं करून." बोलताना धाप लागत होती. "पहिली भिंत झाली. बत्तीसच्या बत्तीस, उभा राहून. फिरताना गेलो."

संध्याकाळी कपडे घ्यायला मी घरी आले. हॉलमध्ये टीपॉय आडवा पडला होता. डावीकडची सगळी जागा मी ठेवली होती तशीच मोकळी होती. मला कळेना, हे उजवीकडे कसे गेले? मी टीव्हीपुढे, माझ्या रोजच्या जागेवर उभी राहिले, तोंड खुर्चीकडे. मनात मोजलं, बत्तीस झाले आणि मी डावीकडे वळले. माझी नजर थेट त्या टीपॉयवर गेली.

मी तिथेच फरशीवर बसले. तीन महिने तोंडाने डावीकडे म्हणत मी त्यांना उजवीकडे वळायला शिकवलं होतं. टीपॉयही माझ्याच हाताने तिकडे नेऊन ठेवला होता. सकाळी त्या बाईंनी माझी जी चूक पकडली, तिच्यावर मी हसले होते, त्याच सुमारास बहुतेक हे घरी त्याच चुकीने पडत होते.

हे मी कोणाला सांगितलं नाही. लेकीला नाही, अदीला नाही, ह्यांना तर नाहीच. ऑपरेशन झालं. पण खुबा बसला तरी पाय पुन्हा सुटले नाहीत. मी पलंगाशी उभी राहून मोजायचे, पाच, सहा, सात, आठ आणि पांघरुणाखाली फक्त बोटं हलायची. व्यायामाची मुलगी यायची थांबली. मी जीन्स घडी करून कपाटात वर टाकली.

दोनेक महिन्यांनी टपालाने प्रमाणपत्र आलं. त्यासोबत गुणांचा कागद होता. दुपारची वेळ होती. हे म्हणाले, "वाच."

मी वाचलं. गुण वाचले, संस्थेचा शिक्का दाखवला.

"शेरा?"

"शेरा नाहीये."

"शेऱ्याशिवाय तपासणीचा कागद नसतो. वाच."

खाली इंग्रजीत एक ओळ होती. मी ती मराठीत सांगितली. समोरून शिकवताना दिशा उलट करण्याकडे लक्ष द्यावे. सांगता सांगता सगळंच बाहेर आलं. टीपॉय, डावं, उजवं, आरसा, वहीतल्या दोन रेघा. मी म्हटलं, मी पाडलं तुम्हाला. मीच पाडलं.

ह्यांचा आवाज आता इतका बारीक झाला होता की कान तोंडाजवळ न्यावा लागायचा.

"मला माहीत होतं," म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"उलटं शिकवतेस ते. पहिल्याच दिवशी कळलं. छत्तीस वर्षं दुसरं काय केलं मी?"

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलं होतं एकदा. तू चिडलीस. मग म्हटलं, राहू दे. सांगितलं असतं तर तू त्या अदीसारखी पाठ करून उभी राहिली असतीस. रोज दुपारी अर्धा तास समोर तोंड दिसायचं तुझं. हसायचीस मोजताना."

मी भांडायला म्हणून विचारलं, "माहीत होतं तर मग त्या दिवशी उजवीकडे वळलात कशाला?"

"पायांना कुठे माहीत होतं?" म्हणाले. मग त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. पण पुन्हा ओठ हलले, म्हणून मी वाकले.

"छत्तीस वर्षांत खोटा शिक्का मारला नाही कधी. हा एकच माल बाद होता, तरी पास केला."

त्यानंतर पाच आठवड्यांनी, न्यूमोनिया होऊन, हे गेले. दहाव्याला लोक म्हणाले, सुटले बिचारे. मला ते सुटायला नको होते. पलंगावर का होईना, मला ते हवे होते.

वर्षभर मी काही केलं नाही. मग कुळगावच्या मंडळातून फोन आला की हॉल रिकामा आहे आणि तीन-चार जणांचे पाय अडतात. आता मी शनिवारी तिथे शिकवते. पंधरा माणसं येतात. दोघांना ह्यांच्यासारखाच कंपवात आहे. मी खुर्च्या, टेबलं, चपला, सगळं दोन्ही बाजूंनी स्वतः हलवते आणि हलवल्यावर पुन्हा एकदा बघते. भिंतीवर माझं प्रमाणपत्र लावलंय, सेक्रेटरीच्याच आग्रहाने.

पहिला अर्धा तास मी पाठमोरी शिकवते. मग कोणीतरी म्हणतं, "मॅडम, इकडे तोंड करून दाखवा ना, पाय नीट दिसत नाहीत." मी त्यांच्याकडे वळते. आता मला आरसा होता येतं. डावीकडे म्हणते आणि स्वतः उजवीकडे जाते, एकदाही चुकत नाही. ती पंधराही माणसं मान खाली घालून, अगदी मन लावून माझ्या पायांकडे बघत असतात. तोंडाकडे कोणी बघत नाही.